चढ्या व्याजाची किंमत

ज्या कंपनीची पत कमी, तिला कर्जासाठी व्याज अधिक मोजावे लागते. अमेरिकेत 'बीबीबी उणे' या पतश्रेणीच्या खालच्या कर्जरोख्यांना 'जंक', म्हणजे भंगार, असेच म्हणतात. असे शेकडो रोखे एकत्र करून त्यांची युनिटे शेअरबाजारात विकणारे 'एक्स्चेंज ट्रेडेड फंड' तेथे २००७ पासून आहेत. एका कंपनीच्या दिवाळ्याने सारी पुंजी बुडत नाही आणि युनिट बाजाराच्या वेळात केव्हाही विकता येते, हे त्यांचे गुण निर्विवाद होत.

परंतु युनिट क्षणात विकले जाते, म्हणून त्यामागील रोखाही क्षणात विकला जाईल असे नाही. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या धास्तीने विक्रीची झुंबड उडाली, तेव्हा अनेक रोखे-फंडांची युनिटे त्यांच्या निव्वळ मालमत्तामूल्याहून स्वस्तात विकली गेली. ९ एप्रिलला फेडरल रिझर्व्हने असे काही फंडही खरेदी करण्याची तयारी जाहीर केली, तेव्हा बाजाराला धीर आला. मध्यवर्ती बँक प्रत्येक वेळी धावून येईलच, अशी हमी कोणी दिलेली नाही.

चढे व्याज म्हणजे ऋणकोने धनकोला दिलेला जोखमीचा मोबदला होय. म्हातारपणाची पुंजी त्यात घालणाऱ्याने व्याजाचा दर पाहण्यापूर्वी, ऋणको कोण आणि घबराटीच्या दिवशी त्याचा रोखा घेणारा कोणी उरेल काय, हे विचारणे श्रेयस्कर.