जुन्या संगणकाचे भाग

भाग ओळखायला लॅपटॉपपेक्षा जुना डेस्कटॉप सोयीचा. एमएस-सीआयटीच्या वर्गांमुळे असे संगणक अहमदपूरसारख्या तालुक्याच्या गावीही पोहोचले. खोलण्याआधी वायर प्लगमधून काढावी आणि उघड्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज घालवावी. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत ती चटकन साठते.

बाजूचा पत्रा निघाला की आधी दिसते ती धूळ. ती मऊ ब्रशने झाडावी. मागच्या कोपऱ्यातला पंख्याचा डबा म्हणजे एसएमपीएस. तो २३० व्होल्टचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करतो. हा डबा मात्र उघडू नये, कारण वीज बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक भार उरतो. जुन्या काचेच्या मॉनिटरलाही हेच लागू.

सगळे भाग जोडणारी मोठी पाटी म्हणजे मदरबोर्ड. तिच्यावरचा नाण्याएवढा ३ व्होल्टचा सीआर २०३२ सेल संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवतो. तारीख सारखी मागे जात असेल, तर बहुधा हाच संपलेला असतो. लांबट पट्टी म्हणजे रॅम. डीडीआर २ आणि डीडीआर ३, दोन्हींना २४० संपर्कबिंदू असतात. खाच मात्र वेगळ्या जागी असते, म्हणून एक दुसरीच्या जागी बसत नाही. पंखा आणि हीटसिंकखाली प्रोसेसर असतो. इंटेलच्या एलजीए ७७५ मध्ये पिना सॉकेटमध्ये असतात, त्या काळच्या एएमडीत बहुतेक चिपलाच. हार्डडिस्कची केबल रुंद, चपटी असेल तर ती आयडीई. अरुंद असेल तर साटा.