ऑफाचा बांध : कर्ता कोण?

इंग्लंड व वेल्स यांच्या सीमाप्रदेशात डोंगरउतार आणि खोरी ओलांडीत गेलेला मातीचा एक प्राचीन बांध आहे. काही ठिकाणी तो आजही सुमारे अडीच मीटर उंच असून, शेजारच्या चरासह त्याची रुंदी 20 मीटरपर्यंत भरते. मर्सियाचा राजा ऑफा (राज्यकाल इ.स. 757 ते 796) याने तो बांधला, असे एका वाक्यात सांगून इतिहासाची पुस्तके पुढे जातात. त्या वाक्याला आधार कोणता, हे मात्र शिक्षकाने पाहिले पाहिजे.

लेखी आधार मुख्यतः एकच आहे. असर नावाच्या वेल्श धर्मगुरूने इ.स. 893 मध्ये आल्फ्रेड राजाचे चरित्र लिहिले. हा बांध ऑफाने एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत घातला, असे त्यात ओघाने आले आहे. ऑफाच्या मृत्यूला तेव्हा जवळजवळ शंभर वर्षे लोटली होती.

दुसरा साक्षीदार म्हणजे प्रत्यक्ष बांध. त्याचा चर पश्चिमेस, म्हणजे वेल्सच्या बाजूस आहे. शेताला ताल घालणाऱ्याला यातील खूण सहज उमगेल : बांधणारा पूर्वेकडचा होता आणि त्याला धास्ती पश्चिमेची होती. पण राजाचे नाव माती सांगत नाही.

लांबीविषयीही मतभेद आहे. सर सिरिल फॉक्स यांनी 1925 पासून पायी पाहणी करून 1955 मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. मधली खिंडारे दाट अरण्याने भरून निघत असावीत, असे धरून त्यांनी समुद्र ते समुद्र ही परंपरा बहुतांशी मान्य केली. पुढे हिल व वर्दिंग्टन यांनी अनेक ठिकाणी उत्खनन करून, खरा सलग बांध सुमारे 103 किलोमीटरच भरतो, असे 2003 मध्ये मांडले. हे मत स्वीकारले, तर बांधाचा हेतूच पालटतो. सबंध वेल्सला नव्हे, तर पोविस या एका राज्याला अडविण्यासाठी तो होता, असे ठरते.

2013 मध्ये चर्क गावानजीक बांधाचा काही भाग यंत्राने सपाट करण्यात आला. असा भाग गेला की त्याच्या पोटातील पुरावाही गेला. त्याच परिसरातील मातीच्या नमुन्यांचे कर्बावरून कालमापन झाले, त्यात एका नमुन्याचा काळ इ.स. 430 ते 652 असा निघाला. ऑफाच्या कितीतरी आधीचा! म्हणून ऑफाचे श्रेय काढून घ्यावे काय? येथे घाई उपयोगी नाही. जुनी माती उचलून नवा बांध घालता येतो. नमुन्याचे वय म्हणजे बांधाचे वय नव्हे.

याचे उत्तम उदाहरण पूर्वेस समांतर जाणाऱ्या वॅटच्या बांधाचे आहे. तेथे ऑस्वेस्ट्रीजवळ सापडलेल्या आगटीतील कोळशाचा काळ इ.स. 411 ते 561 असा निघाला, तेव्हा तो बांध रोमन सत्तेच्या अस्तानंतर लगेचचा मानला जाऊ लागला. 2006 मध्ये गोबोवेन येथे निराळी रीत वापरली गेली. मातीतील कणांवर शेवटचा सूर्यप्रकाश केव्हा पडला, हे तीत मोजतात. उत्तर आले नवव्या शतकाच्या आरंभाचे, म्हणजे ऑफाच्याही नंतरचे. उंच वर्गांतील मुलांपुढे या दोन तारखा ठेवून, आगटी आधीची की बांध आधीचा, असे विचारून पाहावे.