आपल्या नळाचे पाणी पुढे कुठे जाते?

कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळच्या पुलावरून जाताना आपण खाली पाहून ‘नाला’ म्हणतो. ती कान्ह नदी आहे. माळव्याच्या पठाराचा उतार उत्तरेकडे. त्यामुळे इंदुरात पडलेला पाऊस कान्हमधून उज्जैनजवळ क्षिप्रेत आणि पुढे चंबळ, यमुना, गंगा अशा वाटेने बंगालच्या उपसागरात जातो.

या खोऱ्याची जमीन बेसाल्टवरची काळी माती. पावसाळ्यात सोयाबीन, हिवाळ्यात गहू-हरभरा. कठीण खडकात पाणी थोडेच साठते आणि रब्बीसाठी कूपनलिका तेही उपसतात. म्हणून उन्हाळ्यात नद्या आटतात. वस्ती मात्र वाढतच गेली. 2011 च्या जनगणनेत एकट्या इंदूर शहरात साडेएकोणीस लाखांवर माणसे होती. म्हणून 1978 पासून विंध्यापलीकडच्या नर्मदेचे पाणी जलूदहून उपसून, घाट चढवून आपल्या नळाला येते.

नर्मदा अरबी समुद्राला मिळते. आपण वापरलेले तिचे पाणी मात्र कान्हवाटे क्षिप्रेकडे निघते. 2016 च्या सिंहस्थात स्नानाच्या घाटांना ते लागू नये म्हणून कान्हचे पाणी नळातून वळवावे लागले. त्यानंतर इंदुरात बरेच नाले मलवाहिन्यांना जोडले गेले; पण 2028 चा सिंहस्थ पुन्हा तोच प्रश्न विचारील.

आम्हा जैनांकडे पाणी गाळल्यावर गाळण्यात राहिलेले जीव त्याच विहिरीत हलकेच परत सोडण्याची रीत आहे. तिला जिवाणी म्हणतात. पाणी घेतले, की परत देण्याची जबाबदारीही आलीच. आपले पाणी पुढे उज्जैनकर ओंजळीत घेतात, एवढे मोरीत काही ओतताना आठवावे.