‘ओळखलं का?’ : पंचवीस वर्षांच्या एका पैजेचा मागोवा

अतिदक्षता विभागाचं दार उघडून डॉक्टर बाहेर आले की बाकावरचे नातेवाईक दोन प्रश्न विचारतात. ‘शुद्धीवर आलेत का?’ आणि लगेच, ‘ओळखलं का?’ शुद्ध ही येणारी-जाणारी गोष्ट, ओळखणं हे मनाचं काम. आणि हे सगळं आतून ‘मला कळतंय’ असं वाटणं, ती जाणीव, ही तिसरीच गोष्ट. या तिघींचा एकमेकींशी काय संबंध, हे शोधण्यात मेंदूविज्ञानानं गेली काही दशकं घालवली. त्या काळाचा हिशेब मांडायला एक पैज सोयीची आहे.

जून १९९८. जर्मनीतल्या ब्रेमेन शहरात जाणिवेवरची परिषद भरली होती. दिवसभराची व्याख्यानं उरकल्यावर मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ कॉख आणि तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स एका बारमध्ये रात्री उशिरापर्यंत बोलत बसले. जाणिवेची मेंदूतली नेमकी खूण पंचवीस वर्षांत सापडेल, असं कॉख म्हणाला. सापडणार नाही, असं चाल्मर्स. पैजेवर लावली उंची वाइनची पेटी.

कॉखचा आत्मविश्वास हवेतला नव्हता. डीएनएची रचना उलगडणाऱ्या फ्रान्सिस क्रिकसोबत त्यानं १९९० मध्ये एक निबंध लिहिला होता. मेंदूतल्या पेशी सेकंदाला चाळीसेक वेळा एकाच ठेक्यात स्पंदतात, त्या ठेक्याशी जाणिवेचा संबंध असावा, हा त्यातला अंदाज. चाल्मर्सचा आक्षेप वेगळ्या पातळीवरचा होता. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या टूसॉनच्या परिषदेत त्यानं प्रश्नाचे दोन भाग पाडले होते. लक्ष, स्मरण, भाषा ही मनाची कामं मेंदू कशी करतो, हे आज ना उद्या कळेल. पण ती चालू असताना आत काहीतरी जाणवतं ते का, हा अवघड प्रश्न. सांख्यांनी मन आणि बुद्धी जड प्रकृतीकडे टाकली आणि चैतन्य पुरुषाकडे ठेवलं, त्यामुळे आपल्याकडच्या वाचकाला हा भेद परका वाटू नये. मात्र भेद मांडणं वेगळं आणि खाटेवरच्या माणसात तो तपासणं वेगळं.

मन जाणिवेविना काम करू शकतं, याचा पुरावा तोवर मिळालेला होता. इंग्लंडमधले लॉरेन्स वाइसक्रांट्झ १९७० च्या दशकात ‘डी. बी.’ या रुग्णाला तपासत होते. शस्त्रक्रियेत दृष्टीच्या केंद्राचा भाग काढल्यामुळे त्याला डावीकडचं दिसत नव्हतं. ‘दिसत नसलं तरी अंदाजानं बोट दाखव,’ म्हटलं की तो बहुतेक वेळा बरोबर जागा दाखवी. काहीच दिसलं नाही, यावर मात्र ठाम. डोळ्यांना ठाऊक होतं, त्याला नव्हतं.

मग उलटा प्रश्न उरतो. बाहेर काहीच दिसत नाही, पण आत जाणीव आहे, असं असू शकतं का?

२००६ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन ओवेन यांनी त्याचं उत्तर दिलं. रस्त्यावरच्या अपघातानंतर तेवीस वर्षांची एक तरुणी पाच महिने निश्चल होती. डोळे उघडे, पण कुठल्याच हाकेला प्रतिसाद नाही. तिला मेंदूचा स्कॅन करणाऱ्या यंत्रात ठेवून सांगितलं, ‘तू टेनिस खेळतेयस अशी कल्पना कर.’ हालचालींची आखणी करणारा मेंदूचा भाग उजळला. ‘आता स्वतःच्या घरातल्या खोल्यांमधून फिर.’ जागा ओळखणारा भाग उजळला. निरोगी माणसांच्या चित्रांत आणि तिच्या चित्रांत फरक करता येईना. शब्द कानावर पडल्यावर मेंदू आपोआप दचकला असेल, अशी शंका निघाली. पण आपोआपचा दचका क्षणभराचा असतो. इथला प्रतिसाद जवळपास अर्धा मिनिट, थांबायला सांगेपर्यंत टिकत होता. चार वर्षांनी मेंदूला गंभीर इजा झालेल्या ५४ रुग्णांपैकी पाच जणांत तो आढळला. त्यांतल्या एकानं तर ‘हो’साठी टेनिस आणि ‘नाही’साठी घर, अशा खुणेनं प्रश्नांची उत्तरं दिली.

आपल्याकडे हा प्रश्न मुंबईत केईएम रुग्णालयाच्या खाटेवर कित्येक वर्षं पडून होता. तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधल्या हल्ल्यानंतर २०१५ मध्ये मृत्यू होईपर्यंत त्याच रुग्णालयात होत्या. दयामरणाची याचिका सर्वोच्च न्यायालयात आली, तेव्हा नेमलेल्या डॉक्टरांच्या समितीनं त्यांची अवस्था कायमच्या निश्चेतनाच्या बहुतेक निकषांत बसते असं सांगितलं. आवडतं भरवलं की त्यांचा चेहरा बदलतो, असं त्यांची सेवा करणाऱ्यांचं म्हणणं. मार्च २०११ मध्ये न्यायालयानं याचिका फेटाळली आणि त्याच निकालात उपचार थांबवण्याची कायदेशीर वाट काटेकोर अटींसह आखून दिली. एक बाजू निकषांची, एक वर्षानुवर्षं घास भरवणाऱ्या हातांची.

पैजेचा निकाल जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कला लागला. दोन मोठ्या सिद्धान्तांची समोरासमोर परीक्षा झाली होती. एक म्हणतो, माहिती मेंदूच्या पुढच्या भागातून सगळीकडे पसरली की जाणीव होते. दुसरा म्हणतो, ती मागच्या भागातल्या एकसंध जाळ्यात असते. दोन्ही बाजूंनी आपली भाकितं आधीच लिहून दिली होती. कित्येक प्रयोगशाळांत मिळून अडीचशेहून अधिक लोक तपासले गेले. काही भाकितं खरी ठरली, काही खोटी. पूर्ण पास कोणीच झालं नाही. कॉखनं व्यासपीठावरच हार मानली, चाल्मर्सला वाइन दिली आणि वर आणखी पंचवीस वर्षांची पैज देऊ केली.

म्हणजे पंचवीस वर्षं वाया गेली का? प्रतिसाद न देणाऱ्या २४१ रुग्णांचा मोठा अभ्यास २०२४ मध्ये आला. त्यांतले ६० जण सांगितलेली कल्पना मनात करत होते, हे स्कॅनमधून किंवा मेंदूच्या विद्युतलहरींमधून दिसलं. म्हणजे चारांत एक. जाणीव कुठून येते हे आजही कोणाला सांगता येत नाही. पण ती नाही, असं नुसतं बघून म्हणायची सोय आता उरलेली नाही.

यंत्र प्रत्येक रुग्णालयात पोचायला वेळ लागेल. तोवर खाटेशेजारी बसलेल्यांनी एवढं करावं. ‘ओळखलं का?’ याचं उत्तर आलं नाही, म्हणून माणसाच्या देखत त्याच्या औषधपाण्याच्या खर्चाची चर्चा करू नये. त्याला नावानं हाक मारून आजचा वार सांगावा आणि घरी काय शिजलं तेही. चारांतला तो एक आपलाच असू शकतो.