फुकट तिकिटाचा हिशेब

पॉइंटांवर परदेश गाठणं हे सतत विमानात असणाऱ्या बड्या साहेबांचंच काम, असा समज अजून घट्ट आहे. १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने ‘ॲडव्हान्टेज’ ही प्रवासावर पॉइंट देणारी योजना आणली, तेव्हा तो बराचसा खराही होता. आता मात्र किराणा, औषधं, कपडे यांच्या खरेदीवर क्रेडिट कार्डाने दिलेले पॉइंटही काही बँका विमानकंपनीच्या खात्यात वळवून देतात. समजा, कार्डावर महिन्याला २५ हजारांचा खर्च आहे आणि शंभर रुपयांना २ पॉइंट मिळतात. वर्षाकाठी ६ हजार झाले. चौघांची दरवर्षीची सहल यातून होणार नाही. काही वर्षांनी जवळच्या देशाचं एखादं तिकीट होऊ शकतं. बेताच्या पगारात तेही थोडं नाही.

‘तिकीट फुकट मिळतं’ हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. पॉइंटांतून मूळ भाडं वळतं होतं. कर आणि विमानतळाचं शुल्क रोखच भरावं लागतं, काही कंपन्या वर इंधन अधिभारही लावतात. लंडनहून परतताना ब्रिटनचा प्रवासी कर पॉइंटांच्या तिकिटालाही लागतो. शेंगेन व्हिसाचे प्रौढांसाठी ९० युरो वेगळेच. म्हणून आधी भागाकार करावा. रोखीचं तिकीट ४२ हजार, पॉइंटांचं २० हजार पॉइंट अधिक १२ हजार रुपये असेल, तर वाचले ३० हजार, म्हणजे पॉइंटमागे दीड रुपया. हाच आकडा पन्नास पैशांवर आला, तर रोखीनं तिकीट काढून पॉइंट राखून ठेवावेत.

पॉइंटांसाठी खर्च वाढवणं तर सरळ तोट्याचं. थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लावणारी कार्डं आपल्याकडे सर्रास आहेत. वर्षाचे चाळीसहून अधिक टक्के झाले. दर महिन्याचं बिल पूर्ण भरणं ज्यांना जमत नाही, त्यांनी या वाटेला जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पॉइंट म्हणजे मुदत ठेवही नव्हे. सिंगापूर एअरलाइन्सचे माइल्स, म्हणजे तिचे पॉइंट, साधारणपणे तीन वर्षांनी बाद होतात, आणि तिकिटाला किती पॉइंट लागतील हे कंपनी कधीही बदलू शकते. बँकेतून विमानकंपनीकडे गेलेले पॉइंट सहसा परत येत नाहीत. तेव्हा आधी जागा शोधावी, मग पॉइंट वळवावेत. अनेक कंपन्यांचं आरक्षण साधारण अकरा महिने आधी उघडतं; मे महिन्याच्या सुट्टीसाठी आदल्या जूनपासूनच लक्ष ठेवावं.

एका कंपनीचे पॉइंट तिच्याच विमानांत चालतात, हेही खरं नाही. एअर इंडिया २०१४ पासून ‘स्टार अलायन्स’ या विमानकंपन्यांच्या गटात आहे. तिचे पॉइंट लुफ्तान्सा किंवा सिंगापूर एअरलाइन्सच्या प्रवासासाठीही वापरता येतात.

आपल्याकडे सर्वांत जास्त पॉइंट वाया जातात ते मात्र आई-वडिलांच्या प्रवासात. लेकीच्या बाळंतपणाला पुण्या-मुंबईहून अमेरिकेला जाणाऱ्यांचं तिकीट मुलं काढतात आणि पॉइंट आपल्याच नावावर येतील असं धरून चालतात. पैसे कुणीही भरोत, पॉइंट सहसा विमानात बसलेल्याच्या खात्यात जातात. आई-वडिलांची सदस्यता फुकट काढून मिळते. पासपोर्टवरचंच नाव द्यावं आणि क्रमांक तिकिटावर घालावा. राहून गेलं असेल, तर बोर्डिंग पास जपून ठेवावा. बऱ्याच कंपन्या प्रवासानंतर काही महिने असा दावा मान्य करतात.