थायरॉईड काढल्यानंतर: ओठांना मुंग्या आल्या तर

पुण्यात थायरॉईडची शस्त्रक्रिया होते आणि एक-दोन दिवसांत माणूस शिरूरला घरी येतो. भेटायला येणारे आधी पथ्य सांगतात: भात नको, पू होतो, ताक नको, टाके पिकतात. भाताने पू होत नाही. जखम पिकते ती जंतूंमुळे, म्हणून तिच्यावर हळदही लावू नये. गिळताना घसा दुखतो तेवढे दिवस मऊ भात, ताक चांगलंच.

‘बोलू नको, मान हलवू नको’ हेही चूक. मान ताठ धरली की खांदे आखडतात. हळूहळू हलवावी, बोलावं, ओरडू मात्र नये. कांद्याची गोणी डॉक्टर हो म्हणेपर्यंत उचलू नये. स्वरयंत्राची नस ग्रंथीला लागूनच असते, शस्त्रक्रियेत तिला धक्का बसला की आवाज बसतो. बहुतेकांचा काही आठवड्यांत सुधारतो. पाणी पिताना ठसका लागत असेल तर दाखवावं.

खरा धोक्याचा गैरसमज वेगळाच: ‘अशक्तपणा आहे, मुंग्या येणारच.’ थायरॉईडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या, बहुधा चार, पॅराथायरॉईड ग्रंथी असतात. शस्त्रक्रियेत त्यांना धक्का बसला की रक्तातलं कॅल्शियम घसरतं, तेही बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, म्हणजे घरी आल्यावर. चहाचा कप ओठाला लावताना ओठांभोवती मुंग्या, बोटांची टोकं बधिर, मग हातापायांत पेटके. मुंग्या आल्या की लगेच डॉक्टरांना फोन करावा. पेटके आले तर त्याच घटकेला दवाखाना गाठावा. रात्री-अपरात्री कॅल्शियमचं इंजेक्शन शिरूर-दौंडमध्ये कुठे मिळेल, हे सुट्टी मिळतानाच विचारून घ्या. मान सुजून श्वास अडकू लागला तर वाघोलीच्या कोंडीतून पुण्याकडे निघू नका. १०८ ला फोन करा, जवळचं रुग्णालय गाठा.

‘ग्रंथीच काढली, आता गोळी कशाला?’ पूर्ण ग्रंथी काढली असेल तर थायरॉक्सिनची गोळी जन्मभर लागते. अर्धीच काढली असेल तर अनेकांना लागत नाही. ते रक्ततपासणी सांगते. या गोळीचा अंमल शरीरात बरेच दिवस राहतो. चार दिवस चुकली तरी काही जाणवत नाही, म्हणूनच लोक ती सोडतात. मात्रा बसली की नाही, हे सहा ते आठ आठवड्यांनी तपासतात.

घ्यायची सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. चहा त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने. कॅल्शियम सोबत घेतलं तर ती नीट शोषली जात नाही, दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. थायरॉक्सिनची बाटली उशाशी, पाण्याच्या तांब्याजवळ ठेवा. कॅल्शियमची गोळी स्वयंपाकघरात, दुपारच्या ताटापाशी.