वायकाटो नदीचा आराखडा

न्यूझीलंडमध्ये नद्या-तलावांचे नियोजन प्रादेशिक परिषदा करतात. पाणी किती उपसायचे, प्रदूषण कुठवर चालेल, हे लोकांच्या हरकती-सूचना ऐकून त्या ठरवतात. ४२५ किलोमीटर लांबीच्या वायकाटो नदीबाबत २०१०च्या कायद्याने माओरी जमातींना याहून मोठा अधिकार दिला. या कायद्याने स्थापन झालेल्या नदी प्राधिकरणाचे पाच सदस्य पाच जमाती नेमतात, पाच सरकार. उगमापासून मुखापर्यंत निर्धास्त पोहता यावे, नदीतले अन्न खाता यावे, हे उद्दिष्ट कायद्यातच आहे आणि परिषदेचा आराखडा त्याला धरूनच असावा लागतो. म्हणूनच शेती-कुरणांतून वाहून येणारे नायट्रोजन, फॉस्फरस, गाळ आणि जिवाणू रोखण्यावर त्यात भर आहे. पिढ्यान्‌पिढ्या नदीवर जगलेल्यांना नुसते ऐकून घेणे पुरत नाही; निर्णयात त्यांचा वाटा हवा.